पुरोगाम्यांच्या पंगतीत तिचे पान कोठे?

समतेची भाषा बोलणाऱ्या सभा, वृत्तपत्रे आणि पक्ष यांच्यात स्त्रीला हार-तुरे मिळतात. पण लेखणी, माइक आणि निर्णयाची खुर्ची मिळते का? सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी बुलढाण्याच्या एका बाईने पुरुषांना जाब विचारला होता. त्या वेळी तिच्याच बाजूच्या माणसांनी जे केले, ते आजही घडते आहे.

अशा एखाद्या सभेला तुम्ही नक्कीच गेला असाल. विषय असतो 'लोकशाहीपुढील आव्हाने'. मागच्या पडद्यावर फुले, शाहू, आंबेडकर यांची चित्रे असतात. सावित्रीबाईंचेही असते. सुरुवातीला मुली चळवळीचे गाणे म्हणतात. सूत्रसंचालन एक प्राध्यापिका करते. पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी आणखी दोघी पुढे येतात. मग दीड-दोन तास एकामागून एक पुरुष वक्ते बोलतात. व्यासपीठावर एकच बाई असते आणि तिची पाळी सर्वांत शेवटी येते. तोवर लोक घड्याळाकडे पाहू लागलेले असतात. तिच्या हातात चिठ्ठी येते, 'वेळेअभावी पाच मिनिटांत आटोपावे.'

ही सभा सनातन्यांची असती तर नवल वाटले नसते. त्यांच्याकडून आपली अपेक्षाच नसते. पण ही तर समतेची सभा! येथे कोणीही बाईला 'चूल सांभाळ' असे म्हणत नाही. उलट प्रत्येक भाषणात स्त्रीमुक्तीचा उल्लेख होतो. फक्त तो उल्लेख पुरुष करतात आणि बायका टाळ्या वाजवतात.

पत्रकारितेची पदविका घेऊन मी नव्यानेच कामाला लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका निवडणूक विशेषांकाची बैठक होती. मी दुष्काळी तालुक्यातील मतदारांवर लिहिण्याची इच्छा बोलून दाखवली. पुरोगामी म्हणून ओळखले जाणारे एक ज्येष्ठ सहकारी अगदी प्रेमाने म्हणाले, "राजकारणाचे आम्ही बघतो. तुम्ही उमेदवारांच्या पत्नींच्या मुलाखती घ्या, छान होतील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. म्हणूनच ते वाक्य आजही विसरता येत नाही.

एका पुस्तकाची कहाणी

या दुखण्याचे मूळ शोधायचे तर १८८२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पुण्यात 'स्त्रीपुरुष तुलना' नावाचे एक लहानसे पुस्तक छापले गेले. लेखिका होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनी घरीच शिकवले होते.

पुस्तकाला निमित्त घडले सुरतच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला मूल झाले. लोकलज्जेपायी तिने ते मारले म्हणून १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. पण वर्तमानपत्रांना निमित्तच मिळाले. बायका कशा बिघडल्या, यावर रकाने भरून लिहिले जाऊ लागले. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. बाईच्या अंगी म्हणून जे जे दोष तुम्ही मोजता, त्यातला एक तरी पुरुषाच्या अंगी नाही काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, तिला फसवणाऱ्या पुरुषाला मात्र मोकळा सोडायचा, हा कुठला न्याय, असे त्यांनी विचारले. बाहेर सुधारणेच्या गप्पा मारून घरात जुनीच रीत चालवणाऱ्या सुशिक्षितांनाही त्यांनी सोडले नाही.

पुस्तकाची टवाळी झाली. कर्मठांनी केली, ते समजण्यासारखे आहे. पण सत्यशोधक चळवळीतील काही पत्रकार मंडळींनाही ते रुचले नाही. जातीच्या जुलमाविरुद्ध धारदार लिहिणाऱ्या या माणसांना, तेच हत्यार बाईने पुरुषावर चालवलेले सोसवेना.

त्या वेळी जोतीराव फुले यांनी जे केले ते आजही शिकण्यासारखे आहे. १८८५ साली आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्यांनी ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. तीही स्वतःच्या सहकाऱ्यांची कानउघाडणी करून. 'आपल्यातले भांडण चव्हाट्यावर नको' असे त्यांना वाटले नाही. 'आधी जातीचा प्रश्न सोडवू, बायकांचे नंतर पाहू' असेही ते म्हणाले नाहीत. आपल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या ग्रंथातही त्यांनी नुसते 'मनुष्य' न म्हणता जागोजाग 'स्त्री-पुरुष' असे म्हटले आहे. बाईला गृहीत धरायचे नाही, तिचे नाव घ्यायचे, असा त्यांचा कटाक्ष होता.

एवढे होऊनही शेवट सुखाचा नाही. ताराबाईंचे दुसरे कोणतेही छापील पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांचे पहिले पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे महाराष्ट्राला आपल्या या लेखिकेची ओळख पटली. मधली नव्वद वर्षे वाया गेली. टवाळीने किती पुस्तके लिहिण्यापूर्वीच मारली असतील, याचा हिशेब कोण मांडणार?

फळीवर लपवलेले कागद

टवाळीची ही भीती बायकांच्या लिहिण्यामागे सावलीसारखी राहिली. मुंबईच्या रखमाबाईंनी १८८५ साली बालविवाह आणि विधवांच्या हालांवर 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिली, ती 'एक हिंदू स्त्री' या सहीने. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'ने मराठी वाचकांना हादरवले. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. हे नाव खोटे असून त्यामागे बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर आहेत, हे नंतर उघड झाले. खरे नाव सांगण्यासारखे वातावरण नव्हते.

आणि ही फक्त जुन्या काळची गोष्ट नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे दलित स्त्रीच्या आत्मकथनांतील अग्रगण्य पुस्तक. बेबीताई आंबेडकरी चळवळीत वाढल्या. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. माल बांधण्यासाठी आणलेली रद्दी त्या गिऱ्हाइकांतून वेळ मिळेल तशी वाचत आणि लिहीत. लिहिलेले कागद मात्र त्यांनी वीस वर्षे घरच्यांच्या नजरेआड ठेवले, कारण नवऱ्याला ते आवडणार नाही अशी धास्ती होती. विचार करा, बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या घरात, बाबासाहेबांच्या चळवळीची हकिगत लिहिणारी बाई ते कागद लपवून ठेवते! १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः येऊ लागले आणि १९८६ साली पुस्तक निघाले.

१९८४ साली मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' प्रसिद्ध झाले. वडील शाहीर अमर शेख, पती दलित पँथरचे एक संस्थापक आणि मोठे कवी नामदेव ढसाळ. याहून पुरोगामी घर कोणते असणार? पण बाहेर शोषणाविरुद्ध गर्जणारी चळवळ घराच्या उंबऱ्यापाशी कशी थांबते, हे मलिकाताईंनी स्वतःच्या संसाराच्या अनुभवातून लिहिले. या पुस्तकाने त्या वेळी खळबळ माजली. चळवळीची बदनामी होते, हा अशा लेखनावरचा ठरलेला आक्षेप असतो. बदनामी लिहिण्याने होते की तसे वागण्याने, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

लढ्यात पुढे, समितीत मागे

लेखणीचे जे झाले तेच खुर्चीचे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गातील स्त्रियांची मोठी परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. हजारो बायका आल्या होत्या आणि खुद्द डॉ. आंबेडकरांनी त्यांच्यापुढे भाषण केले. पण चळवळीच्या इतिहासात या बायकांची नावे शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नसे. शेवटी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना भेटल्या. त्यांच्या आठवणी १९८९ साली पुस्तकरूपाने आल्या. नावातच सारे आले, 'आम्हीही इतिहास घडवला'. त्यातला 'ही' काळजाला लागतो.

आपल्या मराठवाड्याच्या शेजारी, निजामाच्याच राज्यात, १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणचा सशस्त्र शेतकरी लढा झाला. बायकांनी निरोप पोचवले, जंगलात दिवस काढले, बंदुकाही चालवल्या. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने पुढे त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८६ साली त्या तेलुगूत छापल्या. त्यात एक दुःख पुन्हा पुन्हा येते. लढा संपल्यावर पुरुष कार्यकर्ते निवडणुकांच्या आणि पक्षाच्या कामाला लागले. बायकांतल्या अनेकींच्या वाट्याला मात्र 'आता घरी जा, संसार सांभाळा' हा सल्ला आला.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ साली स्थापन झाला. त्याच्या सर्वोच्च पॉलिट ब्यूरोत पहिली स्त्री आली ती २००५ साली, वृंदा करात. म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी. त्याआधी १९९८ साली, स्त्रियांना पुरेसे स्थान नाही याचा निषेध म्हणून त्यांनी केंद्रीय समितीत राहण्यास नकार दिला होता. न भांडता ते दार उघडले नाही. २०२५ साली महाराष्ट्राच्या मरियम ढवळे त्या मंडळात गेल्या, ही आनंदाची गोष्ट.

इतर पक्षांनी यावर हसण्याचे कारण नाही. स्त्रियांना लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारे विधेयक प्रथम १९९६ साली मांडले गेले. ते मंजूर व्हायला २०२३ साल उजाडले, आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांना बांधलेली. २०२४ ची लोकसभा निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली. ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. आमच्या साहित्याची गोष्टही फार निराळी नाही. १८७८ पासून २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव मराठी साहित्य संमेलने झाली. त्यांच्या अध्यक्षपदी स्त्रिया आल्या सहा : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर.

'बायकांचे पान' वेगळे का?

जागा मिळत नाही म्हटल्यावर बायकांनी स्वतःची जागा तयार केली. किर्लोस्करांचे 'स्त्री' १९३० पासून होतेच. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर 'बायजा' निघाले, दिल्लीला 'मानुषी' सुरू झाले. १९८९ साली विद्या बाळ यांनी पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' काढले. हजारो स्त्रियांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाने लिहिले ते या पानांवर.

पण यातून एक सोयीची वाटणीही झाली. हुंडा, बलात्कार, गर्भपात, पाळणाघर हे 'बायकांचे विषय' ठरले आणि अर्थसंकल्प, परराष्ट्र धोरण, शेती, निवडणूक हे 'राजकारण'. जणू काही कांद्याचा भाव पडला तर शेतकऱ्याच्या बायकोला त्याचे काही नाही! वास्तविक १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध मुंबईत लाटणी हाती घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले, तेव्हाच स्वयंपाकघरातील प्रश्न राजकीय असतो हे सिद्ध झाले होते.

वाटणीचा परिणाम आकड्यांत दिसतो. जगभरच्या बातम्यांची ठरावीक वर्षांनी पाहणी केली जाते. १९९५ साली बातमीत ज्यांच्याविषयी लिहिले जाते किंवा ज्यांचे मत घेतले जाते, अशांत स्त्रिया होत्या शंभरात सतरा. २०२० साली झाल्या पंचवीस. पंचवीस वर्षांत आठने वाढ!

उलट, बायकांच्या हाती बातमी दिली की काय होते याचे उदाहरण उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडात पाहायला मिळते. तेथे २००२ साली चित्रकूटला 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र सुरू झाले. खेड्यातील, बऱ्याचशा दलित घरांतील बायका ते चालवू लागल्या. रस्ते, पाणी, पोलिस, खाणी, निवडणुका, सर्व विषयांवर त्या बातम्या देतात. मंत्र्यालाही प्रश्न विचारतात. त्यांच्यावरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यांना कोणी उमेदवारांच्या पत्नींच्या मुलाखती घ्या म्हणून सांगितले नाही, कारण तेथे सांगणाऱ्याही त्याच होत्या.

नवा पडदा, जुनीच शिवी

आता वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही. हातात मोबाइल आहे, कोणीही लिहावे. बायकांना वाटले, आता संपादकाची अडचण संपली. अडचण संपली, पण टवाळी दारात नव्हे तर उशाशी आली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास ॲम्नेस्टी या संस्थेने भारतातील ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून आलेल्या एक लाखाहून अधिक ट्विटर-संदेशांची पाहणी केली. दर सातांतला सुमारे एक संदेश आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचा निघाला. यात सर्व पक्षांच्या स्त्रिया होत्या.

आपली खरी कसोटी येथेच आहे. आपल्या बाजूच्या स्त्रीवर चिखलफेक झाली की पुरोगामी माणूस चवताळून उठतो, उठलेच पाहिजे. पण विरुद्ध पक्षाच्या बाईच्या चारित्र्यावर, दिसण्यावर, वयावर विनोद झाला तर? त्या वेळी बरेच जण गालातल्या गालात हसतात. तो विनोद तिच्या मतांवर नसतो, तिच्या बाईपणावर असतो. म्हणजे तो आपल्या घरातल्या बाईवरही असतो. ती तो वाचते आणि न बोलता ठरवते, 'आपण नाही बाई यात पडायचे.'

रात्री नऊची बैठक

'आम्ही तर बोलावतो, बायकाच येत नाहीत,' ही तक्रार प्रामाणिकपणे केली जाते. तिचे उत्तर साधे आहे. बैठक असते रात्री नऊला. २०२४ च्या सरकारी पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे घालवतात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची मिनिटे ८८. मुळात असे पुरुषच थोडे. रात्री नऊला एक जण 'क्रांतीची दिशा' या विषयावर बोलत असतो, तेव्हा दुसरी उद्याची भाजी निवडत असते. लेख लिहायला लागते ती बुद्धी दोघांकडे आहे. सलग दोन तास मात्र एकाकडेच आहेत.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर व्यासपीठावर जितके आहे तितकेच घरात आहे. घरातल्या पुरुषाने आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास सांभाळला, तर एका लेखाला लागणारा वेळ निघतो. मुलगी राजकारणावर बोलू लागली की 'तुला काय कळते' न म्हणता 'हे तू कोठे वाचलेस' असे विचारता येते. सभा ठरवणाऱ्यांनी ती संध्याकाळी सहाला ठेवावी, बाईला पहिले भाषण द्यावे आणि आभाराचे काम एखाद्या पुरुषावर सोपवावे. संपादकांनी अर्थसंकल्पावर एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेकडून लिहून घ्यावे. यांपैकी कशालाही पैसा किंवा कायदा लागत नाही.

आणि सर्वांत अवघड गोष्ट, जी जोतीरावांनी केली. समोरच्या गोटातील माणसाने बाईचा अपमान केला तर बोलणे सोपे असते. आपल्याच गोटातील, आपल्याच मित्राने केला तर त्याला त्याच वेळी, चारचौघांत टोकणे, ही खरी पुरोगामी असण्याची खूण. १८८५ साली एका माणसाला ते जमले होते. पुढच्या सभेत, शेवटच्या खुर्चीवरच्या बाईच्या हाती पाच मिनिटांची चिठ्ठी जाईल, तेव्हा आपल्यातला कोणी एक उठून म्हणेल का, "माझी दहा मिनिटे त्यांना द्या"?